गावची शाळा आणि प्राथमिक आरोग्य केंद्र

खेड्यात साथ आल्याची पहिली खूण पुष्कळदा शाळेच्या हजेरीपत्रकात उमटते. समजा, जुलै महिन्यातील एखाद्या सोमवारी तिसरीची चार मुले शाळेत आली नाहीत. मंगळवारी ती संख्या सातवर गेली. ही सातही मुले एकाच वस्तीवरील असून एकाच विहिरीचे पाणी पितात, हे गुरुजींच्या सहज ध्यानात येते. आरोग्य केंद्रातील डॉक्टरांपुढे यांपैकी कदाचित दोनच मुले आलेली असतात, तीही निरनिराळ्या दिवशी. उरलेल्या पाच घरी ‘पोट बिघडले आहे, उद्या बरे वाटेल’ अशा समजुतीने स्वस्थता असते. सातही नावे एकत्र पाहू शकणारी गावातील एकमेव व्यक्ती म्हणजे शिक्षक होय. तिने ही गोष्ट त्याच दिवशी केंद्रास कळविली, तर विहिरीत औषध पडते व साथ सात मुलांवर थांबते. आठवडा लोटला, तर तीच साथ गावभर पसरते आणि एखादे अशक्त मूल तीत दगावण्याचा संभव असतो.

पूर्वीच्या काळी साथीची वर्दी तालुक्यास देण्याचे काम गावकामगार पाटलाकडे असे. आज हजेरीपत्रक शिक्षकाच्या हाती आहे. त्यातील गैरहजेरीची वर्दी केंद्रापर्यंत वेळेवर पोचावी, यासाठी केंद्रात कोणत्या सोयी आहेत व कोणत्या ऋतूत कशाची दक्षता घ्यावयाची, याची माहिती प्रत्येक शिक्षकास असणे अगत्याचे आहे.

केंद्राची रचना व तेथील सोयी

सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४६ साली सादर केलेल्या अहवालात खेड्यापाड्यांसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रांची शिफारस करण्यात आली. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास योजनेस आरंभ झाला व तिच्या अनुषंगाने ही केंद्रे उघडू लागली. महाराष्ट्रात १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि प्राथमिक शाळांप्रमाणेच प्राथमिक आरोग्य केंद्रांचा कारभारही त्यांच्याकडे आला. शाळा व केंद्र ही एकाच घरची दोन भावंडे आहेत. त्यांच्यात ओळखदेख नसावी, हे बरे नव्हे.

सपाट प्रदेशात सुमारे ३०,००० लोकवस्तीस एक प्राथमिक आरोग्य केंद्र व सुमारे ५,००० लोकवस्तीस एक उपकेंद्र, असे शासनाचे प्रमाण आहे. उपकेंद्रात आरोग्यसेविका असते. साधारणतः हजार वस्तीमागे एक आशा कार्यकर्ती असते. ही योजना २००५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आली. केंद्रात वैद्यकीय अधिकारी, औषधनिर्माता व प्रयोगशाळा तंत्रज्ञ असून बाह्यरुग्ण तपासणी, रक्त व थुंकीची तपासणी, लसीकरण, बाळंतपण, तसेच कुत्रा, साप व विंचू चावल्यावरील उपचार या सेवा तेथे मिळतात. केंद्राच्या आवाक्याबाहेरचा रुग्ण ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात आणि अखेरीस सोलापूरच्या छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात पाठविला जातो.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत व केंद्रांत तपासणी व उपचार निःशुल्क करण्यात आले आहेत. पैशाच्या धास्तीने मूल घरीच ठेवणाऱ्या पालकास ही एक गोष्ट सांगितली, तरी पुष्कळ काम होते. रात्री-अपरात्री १०८ या क्रमांकावर दूरध्वनी केल्यास रुग्णवाहिका विनामूल्य येते.

प्रत्येक शाळेच्या कार्यालयात एक तक्ता लावलेला असावा. केंद्राचा दूरध्वनी क्रमांक, तपासणीच्या वेळा, उपकेंद्रातील लसीकरणाचा वार, आरोग्यसेविका व आशा कार्यकर्ती यांची नावे आणि १०८ हा क्रमांक त्यावर ठळक अक्षरांत लिहावा. शिक्षकाची बदली झाली तरी हा तक्ता शाळेतच राहतो व नव्याने येणाऱ्या शिक्षकाची अडचण होत नाही.

पावसाळा : पाण्याची दक्षता

शाळा उघडतात त्याच सुमारास आषाढी वारी येते. श्री ज्ञानेश्वर महाराजांची पालखी धर्मपुरीहून माळशिरस तालुक्यात प्रवेश करते व श्री तुकाराम महाराजांची पालखी नीरा ओलांडून अकलूजला येते. पालखीमार्गावरील अनेक शाळांच्या वर्गखोल्या त्या दिवसांत वारकऱ्यांच्या मुक्कामासाठी दिल्या जातात. एकोणिसाव्या शतकात वारीबरोबर पटकीचीही वाटचाल होत असे. पाणी शुद्ध करण्याच्या उपायांनी तो धोका आज आटोक्यात आला आहे. तरीही पालखी पुढे गेल्यावर शाळेचे आवार, शौचालये व पाण्याची टाकी स्वच्छ करून घेतल्यावाचून वर्ग भरवू नयेत.

पाण्यात टीसीएल पावडर टाकली गेली की नाही, हे ओटी चाचणीने कळते. नमुन्यात द्रावणाचे थेंब टाकताच पाणी पिवळसर झाले, तर त्यात क्लोरीन आहे असे समजावे. पाणी तसेच पांढरे राहिले, तर ग्रामपंचायतीस तत्काळ कळवावे. चौथी-पाचवीच्या मुलांना ही चाचणी दाखविल्यास विज्ञानाचा उत्तम पाठ होतो. मात्र द्रावण शिक्षकाने स्वतःच हाताळावे व चाचणीचे पाणी ओतून द्यावे.

जुलाब-वांत्या झालेल्या मुलाच्या अंगातील पाणी व क्षार निघून जातात, आणि धोका असतो तो त्यामुळेच. १९७१ साली बांगलादेशातील निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकी उसळली, तेव्हा शिरेतून द्यावयाचे सलाइन अपुरे पडले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ व साखरमिश्रित पाणी रुग्णांना तोंडाने पाजण्यास आरंभ केला. रुग्णांच्या नातेवाइकांनीच पेल्यापेल्याने ते पाजले, आणि सुमारे ३० टक्क्यांवर असलेले मृत्यूचे प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आले. तेच औषध आज ओआरएसच्या पुडीच्या रूपाने आशा कार्यकर्तीकडे मिळते. एक लिटरची पूर्ण पुडी एक लिटर स्वच्छ पाण्यात एकदम विरघळवावी व ते पाणी चोवीस तासांच्या आत संपवावे. पुडी हाताशी नसेल, तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालावे. लहान मुलांस डॉक्टरांच्या सल्ल्याने झिंकच्या गोळ्याही १४ दिवस द्यावयाच्या असतात. जुलाब थांबले तरी त्या मध्येच सोडू नयेत. मूल सुस्त झाले, डोळे खोल गेले, लघवी होईनाशी झाली किंवा शौचातून रक्त पडले, तर मुलास विनाविलंब केंद्रात न्यावे.

परतीचा पाऊस : डासांची दक्षता

सोलापूर जिल्हा पर्जन्यछायेतील आहे. येथे पावसाचा खरा जोर बहुधा सप्टेंबरात असतो. त्यामुळे डेंग्यू, चिकुनगुन्या व हिवतापाचे दिवस दिवाळीपर्यंत लांबतात. यात आणखी एक स्थानिक कारण मिसळते. सांगोला, मंगळवेढा यांसारख्या टंचाईच्या भागांत पाणी अनेक दिवसांच्या अंतराने येते, आणि म्हणून घरोघरी रांजण, पिंपे व हौद भरून ठेवावे लागतात. डेंग्यूचा डास नेमका अशाच साठविलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. पाऊस नसतानाही या भागात डेंग्यू का उद्भवतो, याचा उलगडा यातून होतो.

अंड्यापासून डास होण्यास साधारणतः सात ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा सर्व भांडी रिकामी करून कोरडी ठेवावयाची, हा ‘कोरडा दिवस’ होय. अंडी भांड्याच्या आतील बाजूस चिकटून असतात व कोरड्या स्थितीतही काही महिने जिवंत राहतात. म्हणून भांडे नुसते ओतून चालत नाही, ते आतून घासावे लागते. ज्या हौदाचे पाणी ओतणे परवडत नाही, त्यावर घट्ट झाकण ठेवावे किंवा त्यात गप्पी मासे सोडावेत. मासे कोठे मिळतील, याची चौकशी केंद्रात करावी.

हा डास दिवसा चावतो. म्हणजे मुले ज्या वेळी शाळेत असतात, त्याच वेळी. सबब शाळेचा स्वतःचा कोरडा दिवस पाळणे ही गावास उपदेश करण्यापूर्वीची पायरी आहे. शनिवारी सकाळच्या सत्रात परिपाठ संपताच शाळेतील पिंपे, कुंड्यांखालच्या ताटल्या व आवारातील फुटके डबे मुलांकडून तपासून घ्यावेत. तापाच्या मुलास घरी पाठविताना रक्त तपासून घेण्यास सांगावे. डेंग्यूत ताप उतरू लागला म्हणजे संकट टळले, अशी समजूत असते. प्रत्यक्षात त्याच वेळी पोटात तीव्र दुखणे, सतत उलट्या, नाकातून अथवा हिरड्यांतून रक्त ही लक्षणे दिसण्याचा संभव अधिक असतो. दुकानातून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्या या आजारात घातक ठरू शकतात, हेही पालकांच्या कानावर घालावे.

गळीत हंगाम व हिवाळा

दिवाळीच्या सुमारास कारखान्यांचे गळीत सुरू होते. बीड व अन्य भागांतील ऊसतोड कामगारांच्या टोळ्या जिल्ह्यात येतात आणि जिल्ह्याच्या कोरडवाहू भागांतील काही कुटुंबे बाहेर पडतात. नवराबायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’ असा हिशेब असल्याने मुलांना घरी ठेवण्यास कोणी उरत नाही. मूल कोपीवर जाते. तेथे त्याची शाळा सुटते, आणि लशीचा उरलेला डोसही सुटतो. गावच्या यादीत ते ‘स्थलांतरित’ असते व कारखान्याच्या गावी ते कोणाच्याच यादीत नसते.

येथे दोन्ही गावच्या शिक्षकांचे साहाय्य मोलाचे आहे. जाणाऱ्या कुटुंबास माता-बाल संरक्षण कार्ड बरोबर नेण्याची आठवण द्यावी. लस कोणत्याही गावच्या उपकेंद्रात मिळते, हेही सांगावे. ज्या गावाच्या शिवारात टोळी उतरली असेल, तेथील शिक्षकाने मुलांची नावे शाळेत नोंदविताना धाकट्या भावंडांची चौकशी करून ती नावे आरोग्यसेविकेस द्यावीत. शाळेत आलेल्या मोठ्या बहिणीच्या कडेवर जे मूल असते, त्याची लस पुष्कळदा राहिलेली असते. गोवर-रुबेलाची पहिली मात्रा ९ महिने पूर्ण झाल्यावर व दुसरी १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान देतात. पाच ते सहा वर्षांच्या वयात डीपीटीची वर्धक मात्रा, आणि १० व १६ वर्षे वयास धनुर्वात व घटसर्प यांवरील टीडी लस देतात. पहिलीत नाव दाखल करतानाच कार्ड पाहण्याची सवय ठेवावी.

हिवाळ्याच्या अखेरीस व उन्हाळ्याच्या आरंभी गोवर व कांजिण्या डोके वर काढतात. काही घरी अंगावर पुरळ आले की देवीचा कोप मानून आजार झाकला जातो. श्रद्धेचा अवमान न करता, ‘पूजा करा, पण डॉक्टरांनाही दाखवा’ असे सांगितल्यास पालक ऐकतात. देवी हा रोग लसीच्या बळावर १९७५ नंतर या देशात उरला नाही, हे उदाहरण अशा वेळी उपयोगी पडते. गोवर झालेल्या मुलास पुरळ उठल्यापासून निदान चार दिवस व कांजिण्या झालेल्यास सर्व फोडांवर खपली धरेपर्यंत शाळेत आणू नये.

सर्दी-खोकल्याच्या दिवसांत मूल धापा टाकत असेल किंवा श्वास घेताना त्याच्या बरगड्या आत ओढल्या जात असतील, तर तो साधा खोकला नव्हे. दोन आठवड्यांहून अधिक टिकलेला खोकला, मग तो मुलाचा असो वा त्याच्या आजोबांचा, क्षयाच्या तपासणीस पात्र समजावा. ही तपासणी व औषधे मोफत असून उपचार चालू असेपर्यंत रुग्णास पोषणासाठी शासनाकडून मदत मिळते. १ नोव्हेंबर २०२४ पासून ती दरमहा १,००० रुपये करण्यात आली आहे.

उन्हाळा

एप्रिल व मे महिन्यांत सोलापुरात पारा नेहमीच ४० अंशांवर जातो. पत्र्याच्या छपराखालील वर्गात दुपारी मुलांना बसविणे योग्य नव्हे. कवायत सकाळी लवकर आटोपावी व दर तासाला पाणी पिण्याची सुट्टी द्यावी. उन्हातून आलेले मूल बडबडू लागले, झोकांड्या देऊ लागले किंवा त्याचे अंग तव्यासारखे तापले, तर तो उष्माघात समजावा. मुलास सावलीत निजवावे, कपडे सैल करावेत, अंगावर ओले फडके फिरवून वारा घालावा व १०८ ला बोलवावे. बेशुद्ध मुलाच्या तोंडात पाणी घालू नये.

दंश : बाराही महिने

साप चावल्यास मुलास धीर द्यावा. त्याला चालवू नये. चावलेला अवयव फळीच्या आधाराने स्थिर ठेवावा. अंगठी, कडे, तोडा काढून घ्यावा. आवळून दोरी बांधणे, जखम कापणे व तोंडाने चोखणे या तिन्ही गोष्टी अपायकारक आहेत. साप शोधण्यात अथवा मांत्रिकाकडे जाण्यात वेळ घालवू नये. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चारही विषारी सापांवर एकच प्रतिविष चालते. मण्यार पुष्कळदा रात्री जमिनीवर निजलेल्यास चावते व वेदना जवळजवळ होत नाही. पहाटे मूल पोट दुखते म्हणून उठले, त्याच्या पापण्या जड होऊ लागल्या व गिळता येईनासे झाले, तर सर्पदंशाची शंका घेऊन त्याला त्वरित केंद्रात न्यावे.

विंचवाच्या दंशानंतर घाम फुटणे, वांती होणे व हातपाय गार पडणे ही धोक्याची चिन्हे होत. महाड येथील डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८०च्या दशकात प्राझोसीन या औषधाचा अशा रुग्णांवर उपयोग करून अनेकांचे प्राण वाचविले. ते औषध तोंडाने घ्यावयाची साधी गोळी आहे. ते वेळेवर मिळाले पाहिजे, म्हणजेच मूल वेळेवर केंद्रात पोचले पाहिजे.

कुत्र्याच्या चाव्याची गोष्ट मूल घरी बोलेलच असे नाही, कारण त्याला माराची भीती असते. शाळेत मात्र ते मित्राजवळ बोलते. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी. तिखट, चुना, तेल काहीही लावू नये. त्याच दिवशी लस सुरू करावी. पिसाळी एकदा प्रकट झाली की तिच्यावर उपाय जवळजवळ नाही. म्हणून पुढील तारखा शिक्षकाने आपल्या वहीत टिपून ठेवाव्यात व प्रत्येक तारखेस मुलास आठवण द्यावी.

केंद्र शाळेत येते तेव्हा

राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्याचे पथक वर्षातून एकदा शाळेत व दोनदा अंगणवाडीत येऊन मुलांची तपासणी करते. हृदयाला जन्मजात छिद्र, दुभंगलेला ओठ, बहिरेपणा, दृष्टिदोष अशा व्यंगांवर पुढील उपचार, गरज पडल्यास शस्त्रक्रियाही, मोफत होते. पथक एका मुलास काही मिनिटेच देऊ शकते, शिक्षक मात्र त्याला वर्षभर पाहत असतो. कोणते मूल फळ्यावरचे न वाचता शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेते, कोणते खेळताना लवकर दमून ओठ निळे करून बसते, कोणाच्या अंगावर बधिर चट्टा आहे, ही यादी पथक येण्याआधी तयार असावी. तपासणीच्या दिवशी गैरहजर राहिलेल्या मुलांची यादी वेगळी करून ती पथकास द्यावी. ‘ढ’ ठरविलेले एखादे मूल चष्मा लागताच वर्गाबरोबर वाचू लागते, हे ध्यानात ठेवावे.

राष्ट्रीय जंतनाशक दिन सामान्यतः १० फेब्रुवारी व १० ऑगस्ट रोजी पाळला जातो. गोळी मुलाने शिक्षकासमोर चावून खावी. त्या दिवशी आजारी असलेल्या मुलास ती देऊ नये. राहिलेल्यांसाठी पुढील आठवड्यात फेरी असते. लोहाची साप्ताहिक गोळी माध्यान्ह भोजनानंतर द्यावी. धाकट्या मुलांची गुलाबी व थोरल्यांची निळी असते. या गोळीने शौचास काळे होते, हे मुलांना व त्यांच्या आयांना आधीच सांगितल्यास भीतीने गोळ्या फेकून दिल्या जात नाहीत.

वही व मर्यादा

प्रत्येक वर्गात आजारी मुलांची एक साधी वही असावी. नाव व वस्ती, लक्षण, आणि कधीपासून, असे तीन रकाने पुरेत. एकाच आठवड्यात एकाच वस्तीवरील तीन मुलांच्या नावापुढे एकच लक्षण आले, की त्याच दिवशी केंद्रास दूरध्वनी करावा. शंका खोटी ठरली तरी हानी काहीच नाही.

शिक्षकाने डॉक्टर होऊ नये. केंद्राने नेमून दिलेल्या गोळ्यांखेरीज कोणतेही औषध मुलास देऊ नये. क्षय, कुष्ठरोग अशा आजारांचा उच्चार वर्गात चारचौघांत करू नये. पालकास बाजूस बोलावून सांगावे. मुलाची अब्रू राखली गेली, तरच पुढच्या वेळी पालक खरे सांगतात.

सोलापूर ही डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांची जन्मभूमी आहे. १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकातून ते चीनला गेले आणि तेथील रुग्णांची सेवा करीत असताना ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या अवघ्या ३२व्या वर्षी त्यांचे निधन झाले. १० ऑक्टोबर हा त्यांचा जन्मदिन होय. त्या दिवशी वैद्यकीय अधिकारी व आरोग्यसेविका यांना शाळेत निमंत्रित करावे. मुलांनी त्यांना प्रश्न विचारावेत, केंद्र कोठे आहे ते जाणून घ्यावे. डॉक्टर म्हणजे सुई, एवढीच ओळख असलेले मूल दुखणे लपविते. ज्याने डॉक्टरांना आपल्या वर्गात बसलेले पाहिले आहे, ते मूल स्वतः पुढे होऊन सांगते.

हजेरी घेताना शिक्षक रोज प्रत्येक नाव उच्चारतो. एखाद्या नावास उत्तर आले नाही, म्हणजे तेथे गैरहजेरीची खूण करून पुढे जाण्यापूर्वी ‘का आला नाही?’ एवढे वर्गास विचारावे. शेजारी बसणाऱ्या मुलास ते बहुधा ठाऊक असते.